‘इतक्यात?’ आणि ‘अजून?’

जोडीदार गेलेल्या माणसाला आपण दोनच प्रश्न विचारतो आणि दोन्ही एकेका शब्दाचे. तो पुन्हा कुणाकडे पाहून मनापासून हसला की ‘इतक्यात?’ आणि जुन्या आठवणीने मध्येच गप्प झाला की ‘अजून?’ या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी एक नेमका दिवस असावा, ज्या दिवशी रडणं आवरायला उशीर झालेला नसतो आणि प्रेम करायला घाई झालेली नसते, अशी आपली समजूत दिसते. तो दिवस मला अजून कुणाच्या कॅलेंडरात सापडलेला नाही.

माझी एक जुनी सहकारी आहे. नवरा अचानक गेला तेव्हा ती बेचाळीसची होती. काही महिन्यांनी ती अशाच माणसांच्या एका गटात जाऊ लागली. आठवड्यातून एकदा जमायचं, बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. तिथे एक गृहस्थ येत. त्यांची बायको चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या चार वर्षांत साठवलेले पैसे गेले, नोकरी गेली, शेवटी बायकोही गेली, कर्ज तेवढं राहिलं. दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. एक दिवस बोलता बोलता तिच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं. त्या एका अक्षराचं तिला इतकं अपराधी वाटलं, की पुढचे दोन आठवडे ती गटात फिरकलीच नाही.

पुढे व्हायचं ते झालं. नात्यातल्यांना कळलं आणि पहिला शब्द आला, ‘इतक्यात?’ दोघं एकत्र राहू लागल्यावर वर्षभराने ती एका घरगुती कार्यक्रमात पहिल्या नवऱ्याचं नाव निघालं म्हणून उठून आत गेली, डोळे पुसून आली, तेव्हा दुसरा शब्द आला, ‘अजून?’ माणसं तीच होती.

मला त्या माणसांवर राग धरायचा नाही. मीही त्यांच्यातच होतो, फक्त शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता. पण त्यानंतर हा विषय डोक्यातून गेला नाही. आपण सगळ्यांनी मिळून एक क्रम ठरवून टाकला आहे. आधी दुःख पुरं करायचं, मग प्रेमाला हात घालायचा. जणू दुःख म्हणजे एखादं कर्ज. शेवटचा हप्ता फिटल्याचा दाखला आणा, मग नवं खातं उघडू. हा क्रम अनुभवाला धरून नाही, मानसशास्त्राला धरून नाही आणि कायद्यात उतरतो तेव्हा तो सरळ अन्याय करतो, असं माझं म्हणणं आहे. त्याच दमात हेही म्हणायचं आहे, की याच्या बरोबर उलटी गोष्ट, म्हणजे प्रेम हेच दुःखावरचं औषध, ही कादंबऱ्यांची लाडकी गोष्टही तितकीच खोटी आहे.

क्रमाची कल्पना आली कुठून? सुशिक्षित माणसाला विचारलं तर तो पाच टप्पे सांगेल. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये हे टप्पे मांडले. ते मांडले होते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, याचा तो शोध होता. नंतर ते टप्पे मागे राहिलेल्यांना लावले गेले आणि बघता बघता त्यांचा जिना झाला. आता जो तो दुसऱ्याला विचारतो, तू कितव्या पायरीवर आहेस? आणि शेवटच्या पायरीवर पोचल्याशिवाय माणसाने दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहू नये, हा नियम त्याला आपण आपल्या पदरचा जोडला.

त्याआधीची कल्पना मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याची. 1917 च्या निबंधात त्याने शोकाचं काम सांगितलं ते असं: गेलेल्या माणसात गुंतलेला जीव एकेक आठवण घेऊन हळूहळू सोडवून घ्यायचा, म्हणजे तो पुन्हा कुठेतरी गुंतायला मोकळा होतो. इथेही क्रमच आहे. आधी सुटका, मग गुंतणं. पण 1920 मध्ये फ्रॉइडची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली आणि नऊ वर्षांनी, एप्रिल 1929 मध्ये, मुलगा गमावलेल्या एका मित्राला, लुडविग बिन्सवांगरला, त्याने जे पत्र लिहिलं ते त्याच्याच निबंधाला छेद देणारं आहे. तीव्र शोक ओसरतो, पण आपलं समाधान कशानेच होत नाही, ती जागा कुणी भरली तरी ते वेगळंच काहीतरी असतं, आणि असंच असायला हवं, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते टिकवण्याचा हा एकच मार्ग आहे, असा त्या पत्राचा आशय. सिद्धान्त लिहिणारा फ्रॉइड आणि पत्र लिहिणारा बाप यांच्यात मला बाप जास्त पटतो.

नंतरच्या संशोधकांनी बापाचीच बाजू घेतली म्हणायला हरकत नाही. 1996 मध्ये डेनिस क्लास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मागे राहिलेली बहुतेक माणसं गेलेल्याशी नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात, आणि हे आजाराचं लक्षण नव्हे. 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी जे मांडलं ते तर सासरच्या-माहेरच्या सगळ्या मंडळींना वाचून दाखवावं असं आहे. शोक करणारा माणूस एका दिशेने चालत नसतो, तो हेलकावे घेत असतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे वळतो, जुने फोटो बाहेर काढतो, रडतो. कधी तो उरलेल्या आयुष्याकडे वळतो, बिलं भरतो, नवं काम शिकतो, नव्या माणसांत रमतो. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे. त्यांच्या मते हे हेलकावेच प्रकृतीला धरून आहेत. एकाच टोकाला अडकून पडणं हे काळजीचं. आणि नवी नाती, नव्या भूमिका यांना त्यांनी ‘उरलेल्या आयुष्याच्या’ बाजूला जागा दिली आहे. म्हणजे प्रेम ही शोक संपल्यानंतरची बक्षिसाची गोष्ट नाही. ते शोकाच्या चालू काळात येऊ शकतं आणि आलं म्हणून शोक खोटा ठरत नाही.

माझ्या सहकारीच्या बाबतीत ‘इतक्यात?’ आणि ‘अजून?’ ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी होती. हो, इतक्यात. हो, अजून.

महिने मोजण्यात आणखी एक घोटाळा आहे. मोजायला सुरुवात कुठून करायची? बाहेरच्यांचं घड्याळ मृत्यूच्या दिवशी चालू होतं. चार वर्षं बायकोची अंगं पुसणाऱ्या, रात्री तिचा श्वास ऐकत जागणाऱ्या माणसाचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधी चालू झालेलं असतं. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, ही गोष्ट टिपली होती. नवरा आघाडीवर, तो परत येणार नाही या धास्तीत बायको आधीच त्याचा शोक करून मोकळी होते. नवरा जिवंत परततो आणि पाहतो तर तिचं त्याच्यावर प्रेमच उरलेलं नाही, ती घटस्फोट मागते. माणूस जिवंत असतानाच शोक संपल्याचा हा प्रकार. मग त्या गृहस्थांच्या बायकोला जाऊन पाच महिने झाले होते की चार वर्षं आणि पाच महिने? त्यांच्या भावाने पाच धरले.

‘इतक्यात?’ हा शब्द बायकांना आणि पुरुषांना एकाच मापाने लावला जात नाही, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. पण त्याचा इतिहास मोठा बोलका आहे. प्राचीन रोममध्ये विधवेने दहा महिने लग्न करायचं नाही, असा दंडक होता. विधुराला असली कुठलीच अट नव्हती. पुढे सम्राट ऑगस्टसला लोकसंख्या वाढवायची होती, तेव्हा त्याने उलटा कायदा केला: विधवेने ठरावीक मुदतीत पुन्हा लग्न केलंच पाहिजे, नाहीतर वारसाहक्कात नुकसान. आधी ती मुदत एक वर्षाची होती, इसवी सन 9 मधल्या कायद्याने ती दोन वर्षांची झाली. म्हणजे त्या बाईने दहा महिन्यांच्या आत केलं तर ‘इतक्यात?’ आणि दोन वर्षं उलटली तर ‘अजून नाही?’ तिच्या मनाचा हेलकावा राज्यसंस्थेने चौदा महिन्यांच्या खिडकीत बसवून दिला होता.

फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेने विधवेला दहा महिने थांबायला लावलं. ती अट पूर्णपणे निघाली 2004 च्या कायद्याने. जपानमध्ये विवाह संपल्यावर स्त्रीला सहा महिने दुसरं लग्न करता येत नसे. 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शंभर दिवसांपलीकडची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि 2024 मध्ये ती अट पुरती गेली. या सगळ्या नियमांचं खरं कारण शोक नव्हताच. जन्मणारं मूल कुणाचं, वारसा कुणाकडे जाणार, याचा तो हिशेब होता. पण हिशेबाची भाषा रुक्ष असते म्हणून त्यावर शोकाची चादर घातली गेली. हिशेब आता कालबाह्य झाला, डीएनए चाचणी आली, चादर मात्र कुणी काढली नाही.

मेरी क्युरीची गोष्ट इथे आठवल्यावाचून राहत नाही. 19 एप्रिल 1906 रोजी पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून पिएर गेला. मेरी अडतीस वर्षांची, पदरात दोन मुली, धाकटी तर दीड वर्षाचीही नव्हती. मेरी मेलेल्या नवऱ्याला उद्देशून रोजनिशी लिहीत राहिली. चार-पाच वर्षांनी पिएरचाच जुना विद्यार्थी पॉल लांजवँ आणि ती जवळ आले. लांजवँचं लग्न झालेलं होतं, चार मुलं होती, घरात रोज भांडणं होती. त्याच्या बायकोची बाजू होतीच, ती मी पुसत नाही. पण 1911 च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी जे आरंभलं ते त्या बायकोच्या न्यायासाठी नव्हतं. परदेशी बाई, थोर फ्रेंच शास्त्रज्ञाची विधवा, तिने हे करावं? घराबाहेर जमाव जमला. त्याच महिन्यात तिला दुसरं नोबेल जाहीर झालेलं होतं आणि स्टॉकहोमहून अकादमीच्या एका सदस्याचं पत्र आलं, की प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. तिने उत्तर धाडलं, की पारितोषिक रेडियम आणि पोलोनियमच्या शोधासाठी आहे, माझ्या खासगी आयुष्याशी त्याचा संबंध नाही. आणि डिसेंबरात ती गेली, पारितोषिक घेऊन आली. ते नातं मात्र त्या गदारोळात टिकलं नाही. (काळाचा विनोद असा, की पुढे मेरीच्या नातीचं लग्न पॉल लांजवँच्या नातवाशी झालं. त्यावर कुणी अग्रलेख लिहिल्याचं ऐकिवात नाही.)

पाच वर्षं झाली होती. म्हणजे ‘इतक्यात?’ हा शब्द महिन्यांबद्दल असतो असं नाही. काहींसाठी कितीही काळ गेला तरी ते ‘इतक्यात’च असतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर धोंडो केशव कर्व्यांचं. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेल्या. 1893 मध्ये त्यांनी बालविधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. त्या लग्नाबद्दल आपण शाळेपासून वाचतो ते समाजसुधारणेचं पाऊल म्हणून, आणि ते होतंच. पण ते दोन दुःखी माणसांचंही लग्न होतं. एकाची संसाराची जोडीदारीण गेलेली, दुसरीचं आयुष्य संसार म्हणजे काय हे कळायच्या आतच पुसलेलं. या बाजूने त्या लग्नाकडे पाहायची आपल्याला सवयच नाही. दुसऱ्या लग्नाला तत्त्वाचा आधार असला तर ते थोर. नुसतं एकमेकांवाचून करमत नाही म्हणून केलं तर ‘इतक्यात?’

आता दुसरी बाजू. ‘थांब जरा’ म्हणणारे सगळेच जुनाट नसतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्या महिन्यांत माणसाचं शरीरच ठिकाणावर नसतं. ब्रिटनमध्ये 1969 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंचावन्न आणि त्यावरच्या वयाच्या 4,486 विधुरांचा नऊ वर्षं मागोवा घेतला होता. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा 40 टक्क्यांनी जास्त निघालं. मग ते हळूहळू खाली आलं. ज्या काळात माणूस मरूही शकतो त्या काळात तो कुणाचाही हात धरू शकतो, हे उघड आहे. झोप नाही, भूक नाही, घर खायला उठतं, अशा वेळी जो कुणी शेजारी बसेल तो आवडू लागतो. त्यात फसवणारेही असतात; विम्याचे पैसे आलेल्या माणसाभोवती अचानक माया दाटते. व्यसनमुक्तीच्या गटांमध्ये नव्याने आलेल्याला सांगतात, की पहिलं वर्षभर नवं नातं जोडू नकोस. तो सल्ला मला शहाणपणाचा वाटतो, कारण तिथे एका नशेची जागा दुसरी नशा घेण्याची भीती असते.

पण शोक हे व्यसन नव्हे. आणि ‘जपून’ या सल्ल्याचा ‘इतक्यात?’ होतो तेव्हा त्यातली काळजी निघून जाते, न्यायनिवाडा उरतो. काळजी करणारा माणूस तारीख विचारत नाही. तो विचारतो: तू त्याच्याशी बोलताना त्याचं ऐकतेस का, की फक्त स्वतःचंच सांगतेस? तो नसला तर तुझी रात्र कशी जाते? घर, पैसा, सह्या यांच्याबद्दल कुणी घाई करतंय का? गेलेल्याचं नाव त्याच्यासमोर मोकळेपणी घेता येतं का? या प्रश्नांची उत्तरं तीन महिन्यांनी बरी असू शकतात आणि दहा वर्षांनी वाईट.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि इथेच प्रेमकथांचा माझा जुना हिशेब चुकता करायचा आहे. दोन दुखावलेली माणसं भेटतात, आधी एकमेकांना टाळतात, मग पावसात अडकतात, मग एकमेकांच्या जखमा भरतात, हा साचा जगभर चालतो. मलाही तो आवडतो, नाकबूल कशाला करू. वाचताना डोळे भरून येतात. पण त्या साच्यात गेलेल्या माणसाला एकच काम असतं: वेळेवर मरणं आणि मग शेवटच्या प्रकरणात स्वप्नात येऊन परवानगी देणं. ‘तू सुखी राहा.’ इतकी समजूतदार भुतं मी प्रत्यक्षात पाहिलेली नाहीत. घटस्फोटित माणसाचा पहिला जोडीदार निदान चुकांसकट जिवंत असतो. त्याच्याशी स्पर्धा करता येते. गेलेला जोडीदार कधी चिडत नाही, म्हातारा होत नाही, घोरत नाही. त्याच्याशी स्पर्धा करायला जाणारा हरणारच.

मराठीत ‘समदुःखी’ असा एक गोड शब्द आहे. दोन समदुःखी एकत्र आले की त्यांचं पटणारच, असं आपण धरून चालतो. पण दुःख ‘सम’ कधी असतं? माझ्या सहकारीचा नवरा एका दुपारी गेला. तिला सतत वाटायचं, की निरोप घ्यायचा राहिला. त्या गृहस्थांनी चार वर्षं निरोपच घेतला होता. त्यांना बायको गेली तेव्हा पहिली भावना आली ती सुटल्याची, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज. एकीला जास्त वेळ हवा होता, दुसऱ्याला तो जास्त झाला होता. ती म्हणायची, ‘निदान तुला चार वर्षं मिळाली.’ तो म्हणायचा, ‘निदान तुला चार वर्षं बघावं लागलं नाही.’ दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही एकमेकांना बोचत होते. हे भांडण त्यांनी मला स्वतः सांगितलं, हसत हसत. पण तेव्हा ते हसण्यासारखं नव्हतं.

दुःख वाटून घेतलं की हलकं होतं म्हणतात. एकटा रडणारा आणि एक ऐकणारा असेल तेव्हा होतही असेल. पण दोघंही वाटायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याचंही येतं. ज्या घरात दोघांच्या मागे दोन गेलेली माणसं आहेत, ते घर दोघांचं नसतं, चौघांचं असतं. तिथे दोन तारखा पाळायच्या असतात, दोन फोटो लावायचे असतात (कुठे, किती मोठे, बेडरूममध्ये की बाहेर, यावर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकेन), आणि दोन प्रकारची मौनं ओळखावी लागतात. एकमेकांना ‘बरं करण्याची’ जबाबदारी घेतली की हे घर दवाखाना होतं. मग एकाला एक दिवस वाईट वाटलं की दुसऱ्याला वाटतं, आपण कमी पडलो. आणि पहिला आपलं वाईट वाटणं लपवू लागतो, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून.

म्हणून प्रेम हे औषध, ही कल्पना मला त्या क्रमाच्या कल्पनेइतकीच नकोशी वाटते. खरं तर दोन्ही एकच आहेत. एक म्हणते बरे होऊन या, दुसरी म्हणते इथे या, बरे व्हाल. शोक हा आजार आहे आणि तो संपायला हवा, हे दोघींनी धरूनच ठेवलं आहे. क्वचित शोक खरोखर आजाराच्या थराला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2022 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाची नोंद केली, आणि त्यासाठी प्रौढ माणसाच्या बाबतीत निदान 12 महिने उलटलेले असावेत अशी अट घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती सहा महिन्यांची आहे. दोन तज्ज्ञ संस्थांचं कॅलेंडर जुळत नाही, हे एक. दुसरं असं, की ती अट निदान करायला घाई करू नका म्हणून आहे, रोजचं जगणं बंद पडण्याइतका त्रास असेल तरच ती लागते. आपण मात्र तिचा अर्थ ‘वर्ष झालं, आता बस’ असा करून टाकला.

मुलांचा मुद्दा मी शेवटाकडे ढकलला, कारण माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. आईला दुसरा जोडीदार मिळू शकतो, मुलाला दुसरा बाप मिळत नाही. मिळतो तो आईचा जोडीदार. आई हेलकावा घेऊन उरलेल्या आयुष्याकडे गेली त्याच संध्याकाळी मूल नेमकं बापाच्या कपाटासमोर बसलेलं असू शकतं. इथे ‘इतक्यात?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याला खरोखर आहे तो एकच माणूस म्हणजे ते मूल, आणि त्यालाच आपण सहसा गप्प करतो: आईच्या सुखाआड येऊ नकोस. मुलाला थांबायची मुभा हवी. त्याने नव्या माणसाला कुठल्या नावाने हाक मारायची हे त्याने ठरवावं, घरातला फोटो हलवण्याआधी त्याला विचारावं. आईने थांबावं की नाही, हे मला ठरवता येत नाही. थांबल्याने मुलाचा बाप परत येत नाही, आणि न थांबल्याने तो आणखी दूर जातो असं त्याला वाटू शकतं. ज्यांना या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येतं त्यांच्यापासून मी जरा लांब राहतो.

कायद्याचं मात्र उत्तर देता येतं. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मिळणारं निवृत्तिवेतन किंवा भत्ता पुन्हा लग्न केलं की बंद, हा नियम अनेक देशांत अनेक रूपांत आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेखाली मिळणारा वारसलाभ साठीच्या आत पुन्हा लग्न केलं तर साधारणपणे थांबतो, साठीनंतर केलं तर चालू राहतो. म्हणजे एकोणसाठ वर्षं अकरा महिन्यांची विधवा प्रेमात पडली, तर शहाणपण तिला महिनाभर थांबायला सांगतं. आपल्याकडच्या 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने लग्नाची मुभा दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने घर काढून घ्यायचं.

या नियमांमागचं गृहीत असं, की जोडीदार गेल्याचं नुकसान नवा जोडीदार भरून काढतो. दिवा फुटला, दुसरा आणला, भरपाई बंद. ज्या माणसाने आजारपणाच्या खर्चात सगळं घालवलं आहे त्याच्याशी लग्न करणारी बाई स्वतःचं निवृत्तिवेतन गमावून त्याचं कर्ज घरात आणते, हे या गृहीतात कुठेच बसत नाही. मग माणसं काय करतात? लग्न करत नाहीत. एकत्र राहतात, पत्ते वेगळे दाखवतात, शेजाऱ्यांपासून लपतात. मग आपणच म्हणतो, बघा, एवढं खरं प्रेम होतं तर लग्न का नाही केलं?

बदल अशक्य आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये मुलं असलेल्या विधवा-विधुरांना मिळणारा जुना भत्ता पुन्हा लग्न केल्यावर बंद होई आणि नुसतं कुणाबरोबर राहू लागलं तरी थांबे. म्हणजे कोण कुणाच्या घरी किती रात्री राहतं, हा सरकारी प्रश्न होता. एप्रिल 2017 पासून आलेल्या नव्या व्यवस्थेत मुदत ठरलेली आहे, पहिल्या रकमेनंतर जास्तीत जास्त अठरा महिने, आणि त्या काळात नवं नातं जुळलं तरी पैसे थांबत नाहीत. नवी व्यवस्था आदर्श नाही. मुलं लहान असलेल्या कुटुंबांना ती मुदत फार तोकडी आहे आणि ती तक्रार रास्त आहे. पण एक गोष्ट तिने सोडून दिली. गेलेल्या माणसाच्या नावाने मिळणारा पैसा आणि जिवंत माणसाचं प्रेम यांची तिने गाठ सोडवली. मुदत वाढवावी आणि गाठ सुटलेलीच ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे, आणि ते कुठल्याही देशाला लागू आहे.

त्या दोघांनी अजून लग्न केलेलं नाही. कारण विचारलं नाही. कदाचित वरचंच असेल, कदाचित नसेल.

मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो होतो. त्या दिवशी त्याच्या पहिल्या बायकोची तारीख होती. मला माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यालाही आठवलं नव्हतं. सकाळभर तो नळाच्या दुरुस्तीत गुंतला होता. तिला आठवण होती. फोटोखाली तिने पहाटेच दिवा लावून ठेवला होता, बोलली काही नव्हती. दुपारी त्याचं लक्ष तिकडे गेलं. तो थोडा वेळ पाहत राहिला, मग आत गेला. आपण विसरलो म्हणून की तिने लक्षात ठेवलं म्हणून, कोण जाणे, पण आतून रडण्याचा आवाज आला. ती उठली. मला वाटलं, ती आत जाईल. तिने दार हलक्या हाताने ओढून घेतलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.